कडी लावा

काप्तान जिवंत झाला, हे शिवलिंगप्पांनी सांगितलं तेव्हा गुलाब तंबूच्या दोराला गाठ मारत होता. गाठ राहिली बाजूला, दोर हातातनं सुटला आणि कनातीची एक बाजू धुळीत येऊन पडली.

"कोण जिवंत झाला?"

"काप्तान रे, काप्तान! चौथा भाग आलाय. आत्ताच एस्टीच्या टपावरनं पेट्या उतरवल्या. पोस्टर बघ की, मधोमध उभा हाय गडी." शिवलिंगप्पांच्या तोंडात पान होतं आणि चेहऱ्यावर घरात लग्न निघाल्याचा आनंद होता.

गुलाबनं पोस्टर बघितलं. तोच होता. तीच रुंद हनुवटी, तीच कपाळावरची आडवी खूण. फक्त पोट जरा सुटलं होतं. मेलेल्या माणसाचं पोट कसं सुटतं, हे विचारायला तिथं कुणी शहाणा नव्हता. गुलाबच्या अंगाचा तिळपापड झाला.

शिवलिंगप्पा मूळचे उमरग्याकडचे. दर चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेला त्यांची टुरिंग टॉकीज येरमाळ्यात लागायची. हिंदी पिक्चर असायचेच, पण एखादा इंग्रजीही असायचा, कारण त्यात आभाळात उडणारी जहाजं आणि विजेच्या बंदुका असायच्या. आता इंग्रजी कळणार कुणाला? म्हणून गुलाब. एरवी तो गावच्या दूध संस्थेत दुधाची डिग्री, म्हणजे दुधात पाणी किती ते, बघायचा, आणि यात्रेत पडद्याच्या कडेला माईक घेऊन बसायचा नि पिक्चर मराठीतनं सांगायचा. त्याला तरी इंग्रजी कुठं येत होतं? मॅट्रिकपुरतं चार आणे, बाकी बारा आणे स्वतःचं डोकं. लोकांना ते डोकंच जास्त आवडायचं.

काप्तानाचा पहिला भाग एकोणऐंशीच्या यात्रेत आला. काप्तानाचं जहाज एका लाल, कोरड्या ठणठणीत ग्रहावर उतरतं. तो ग्रह पडद्यावर आला तसा तंबू खदाखदा हसला. "आरं, हे तर भूमकडलं रान हाय!" कुणीतरी ओरडलं. पुढं मात्र हसू थांबलं. जहाजातली हवा सगळ्यांना पुरणार नसते. काप्तान खाली उतरतो, बाहेरच्या वावटळीत उभा राहतो आणि दाराच्या काचेतनं आतल्यांना काहीतरी सांगतो. काय सांगतो ते त्याचं त्याला ठाऊक. गुलाबनं माईक तोंडाजवळ घेतला आणि म्हणाला, "कडी लावा, गड्याहो. म्या येत न्हाय आता. कडी लावा."

जहाज गेलं. काप्तान वाळूत आडवा झाला आणि वाळूनं त्याला झाकलं. मग बायकांच्या बाजूनं एक हंबरडा आला, आणि तो गुलाबच्या आईचा, विठाबाईचा होता.

ही विठाबाई तोवर रडली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात तळ्याच्या कामावर तिचा थोरला मुलगा कोंडिबा मातीची दरड कोसळून गेला. ती तेव्हा मुरूम गावाकडं लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. उन्हाळा असा पेटलेला, की प्रेत ठेवायची सोय नव्हती. गुलाबनंच भावाला मातीतनं ओढून काढला, गुलाबनंच त्याला अग्नी दिला. विठाबाई आली तेव्हा राख थंड झाली होती. "म्या तोंड बघितलं न्हाय," एवढं ती म्हणाली आणि त्यानंतर तिनं घराची कडी लावायची सोडली. कोंडिबा कामावर गेलाय, अवेळी येईल, त्याला दार वाजवावं लागू नये. वर्षामागून वर्षं गेली. दोनदा कुत्रं शिरून पीठ खाऊन गेलं, एकदा चोरानं घंगाळ नेलं, भीमनगरातल्या शेजारणी समजावून थकल्या. दार उघडंच.

त्या दिवशी पिक्चर बघून घरी आली आणि मुकाट्यानं तिनं कडी लावली. मग भिंतीला टेकून पुन्हा रडली, पोटभर. दुसऱ्या दिवसापासून ती कोंडिबाबद्दल "व्हता" म्हणायला लागली. जे भावकीला, पंचशील म्हणायला आलेल्या गुरुजींना, खुद्द गुलाबला जमलं नव्हतं, ते त्या परदेशी पिक्चरनं केलं होतं. म्हणून त्या पिक्चरवर गुलाबचा जीव होता. आणि म्हणूनच पुढच्या भागांवर त्याचा दात होता.

कारण पुढचे भाग निघायचे काही थांबेनात. दुसऱ्यात काप्तानाचा भाऊ निघाला, ज्याचं पहिल्यात कुणी नावही घेतलं नव्हतं. तिसऱ्यात, आधीच्या भागात जळून राख झालेला राक्षस पत्र्याचा हात लावून हजर झाला. गुलाबनं दातओठ खात तेही सांगितलं. निदान काप्तानाच्या अंगाला कुणी हात लावला नव्हता.

"अप्पा, हे पिक्चर म्या सांगणार न्हाय," गुलाब म्हणाला.

तंबूच्या सावलीत बाजेवर आबाराव बसले होते. गावच्या तळ्याच्या कामाचे पुढारी आणि दूध संस्थेचे चेअरमन, म्हणजे गुलाबचे साहेब. यात्रेत तंबूवर येऊन फुकटचा चहा पिणं हा त्यांचा मान होता. ते म्हणाले, "का रं? काय झालं?"

"मेलेला माणूस उठवलाय ह्यांनी."

"उठवू दे की! लोकांना पाहिजे तवर काढायचं. आपली संस्था काय एक दिवस दूध घालून बंद केली का आपण?"

"दूध रोज नवं निघतं, आबाराव. ह्यांचं तसं न्हाय. पयल्या भागात दूध व्हतं. दुसऱ्यात पाणी घातलं. तिसऱ्यात निसतं पाणीच व्हतं, आणि आता भांडं इसळून त्येच लोकांना वाढायलेत. डिग्री लावून बघा, काटा हलायचा न्हाय."

शिवलिंगप्पा हसले. आबाराव हसले नाहीत. संस्थेत पाण्याचा विषय त्यांना खपत नसे.

"गोष्ट कशी सांगायची ते तू शिकवायलास होय रं त्या लोकांना? एवढी जहाजं उडवतेत ते."

"जहाजं उडवू देत. पर ज्यानं आपल्या जिवावर दुसऱ्याला वाचवलं, त्याचं मरण तरी त्याच्याजवळ ऱ्हाऊ द्या. उठवलं की मग त्यानं केलं काय? वाळूत निजून आला, एवढंच! गोष्ट संपवायची हिंमत न्हाय, म्हणून वाढवत बसायचं. तुमच्या तळ्यागत." गुलाबची जीभ आता कुणाच्या बापाची राहिली नव्हती. "बहात्तरला नारळ फोडला, तळं गळतंय. अठ्ठ्याहत्तरला टप्पा दोन म्हणून फोडला, गळतंय. औंदा टप्पा तीनचा मांडव टाकलाय. माझा भाऊ त्या पयल्या टप्प्यात गेला, आबाराव. तिथं पाणी कवा थांबणार?"

आबारावांनी कपबशी खाली ठेवली. "तोंड सांभाळून बोल. संस्थेत परत यायचंय तुला."

शिवलिंगप्पांना तंबू लावायचा होता, भांडण नको होतं. त्यांनी गुलाबला बाजूला घेतलं. "काय दुखतंय तुझं, मोकळं सांग."

गुलाबनं सांगितलं. माय पिक्चरला येणार. ती चुकवत नाही, कारण माईकवर तिचा लेक असतो. काप्तान उठलेला तिनं बघितला, तर ती कोंडिबाची परत वाट बघायला लागेल.

"आरं, पिक्चर हाय ते!" शिवलिंगप्पा म्हणाले. "म्हातारीला तेवढं कळत न्हाय व्हय?"

"पयल्या भागाला रडली तवा म्हणाला न्हाय तुमी, पिक्चर हाय म्हणून. तवा साऱ्या यात्रेला सांगत फिरलात, असला पिक्चर हाय की बाया धाय मोकलून रडतेत."

शिवलिंगप्पांना राग आला. "तू सांग न्हायतर नको सांगू. आबाराव बसतेत माईकवर. त्यांना भाषणाची सवय हाय."

तेव्हा गुलाबनं विचार केला. आबाराव बसले, की काप्तान वाजतगाजत उठणार. आपण बसलो, तर निदान गोष्ट आपल्या तोंडात राहील. पडद्यावर काहीही दिसो, त्याचा अर्थ या गावात आजवर गुलाबनंच सांगितला होता. "म्याच सांगतो," तो म्हणाला, आणि तडक घरी गेला.

विठाबाई नवं लुगडं नेसून उंबऱ्यातच बसली होती.

"माय, आज येऊ नगंस. लई भंगार पिक्चर हाय."

"भंगार तर भंगार. तू सांगितलास की गोड लागतंय," ती म्हणाली.

"पाय दुखतेत म्हणत हुतीस ना?"

"ते रोजच दुखतेत. काप्तान आलाय म्हणं? शेजारची सिताबाई पोस्टर बघून आली."

"त्यो न्हाय त्यो," एवढंच गुलाब म्हणाला आणि निघाला. मागनं तिचा आवाज आला, की पुढच्या रांगेत पोतं टाकून ठेव.

दिवेलागणीला पहिला खेळ सुरू झाला. यात्रेच्या रिवाजाप्रमाणे रानातली चुनखडी वेचून झालेली माणसं गाड्या सोडून आली होती, तंबू गच्च भरला होता. पडद्यावर बर्फाचा ग्रह आला. बर्फात एक काचेची पेटी. आत काप्तान डोळे मिटून. लाल वाळूत निजलेला माणूस बर्फात कसा आला, हे त्या पिक्चरवाल्यांनाही सांगता आलं नसतं. मग पेटीतनं वाफ निघाली आणि काप्तानानं डोळे उघडले.

तंबूत शिट्ट्यांचा पाऊस पडला. गुलाबनं माईक घट्ट धरला.

"फसू नका, गड्याहो. ह्यो काप्तान न्हाय. काप्तान गेला. ह्यो त्याच्या रूपाचा सोंगाड्या हाय, दुश्मनांनी तयार केलेला."

शिट्ट्या थांबल्या. पण पडद्यावर काप्तानाचे जुने सोबती धावत आले, त्याच्या गळ्यात पडून रडले. त्याची बायको आली. तिनं त्याच्या कपाळावरच्या खुणेवरनं बोट फिरवलं.

"ती बी फसली," गुलाब म्हणाला. "बिचारीला ठाऊक न्हाय. ज्यानं कडी लावा म्हणून सांगितलं, त्यो परत येत नसतो."

"ए, खरं सांग की!" मागनं कुणीतरी ओरडलं. "बायकूला कळना व्हय नवरा?" हशा झाला. दुसरा ओरडला, तिसरा ओरडला. चुनखडीचा एक खडा येऊन माईकवर टणकन वाजला. गुलाब बोलतच राहिला. सोंगाड्या आता जहाज पळवणार, सोंगाड्या सगळ्यांना मारणार, असं काहीबाही. पडद्यावरचा काप्तान मात्र एका लहान पोरीला कडेवर घेऊन हसत होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतनं, पोत्यावरनं, एक ओळखीचा आवाज आला. अगदी शांत, समजावणीचा.

"आरं गुलाब, खोटं कशाला बोलतूस? त्योच हाय की. खूण बघ."

सगळा तंबू हसला. आबारावांनी येऊन गुलाबच्या हातातला माईक काढून घेतला, घसा साफ केला आणि सभेतल्या आवाजात म्हणाले, "तर मंडळी, आपला काप्तान परत आलेला आहे!" टाळ्या पडल्या. सगळ्यात पुढं विठाबाई टाळ्या वाजवत होती.

गुलाब कनातीखालनं बाहेर पडला आणि खेळ संपेस्तोवर रस्त्याकडंच्या रसवंतीपाशी उभा राहिला. ज्यांनी हे पिक्चर काढलं त्यांना, ज्यानं आणलं त्याला, ज्यांनी शिट्ट्या मारल्या त्यांना, त्यानं एकेकाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आईला घालता येईनात. ती सिताबाईचा हात धरून बाहेर आली तेव्हा कितीतरी वर्षांत दिसली नव्हती इतकी टवटवीत दिसत होती.

घरी आल्यावर तिनं भाकरी वाढली. काप्तान कसा उठला, कसा हसला, तिचं सुरूच होतं. गुलाबनं घास खाली ठेवला.

"माय, ते समदं खोटं हाय. माणसं यावी म्हणून उठवलाय त्याला. पुढल्या खेपेला मारतील, परत उठवतील. त्यांचं काय जातंय? मेलेलं माणूस येत नसतंय माघारी."

"मग पयलं तरी खरं कशावरनं?"

"पयलं खरं व्हतं."

"तूच सांगितलंस म्हणून खरं." ती रागानं बोलत नव्हती, भांड्यांवर राख टाकता टाकता बोलत होती. "काप्तान मेला असं बी तूच सांगितलं व्हतंस, बाबा. आमी मानलं. आज म्या डोळ्यांनी बघितला."

गुलाबनं ताट बाजूला सारलं.

"कोंडिबा बी तूच सांगितलास," ती म्हणाली.

मग तिनं भांडी विसळली, पदराला हात पुसले, आणि दिवा बारीक करायच्या आधी दारापाशी जाऊन कडी काढून ठेवली. अंथरुणावर दाराकडं तोंड करून ती आडवी झाली. वाऱ्यानं दार जरा उघडायचं, परत मिटायचं. तिच्यादेखत उठून कडी लावायची गुलाबची छाती झाली नाही.