भिंतीवरचा बाप

आमच्या बल्गेरियातल्या प्लोव्हदिवमध्ये दाराशी कोणी जुना कागद किंवा फोटो मागायला आलं, की मी आधी साखळी लावते आणि मग बोलते. कम्युनिस्टांच्या काळात गोड बोलून नेलेलं कधी परत आलं नाही. ते गेले, माझी सवय काही गेली नाही. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, हा माझा खाक्या. त्यामुळे आम्हा आर्मेनियन लोकांचे जुने फोटो चर्चच्या सभागृहात जमवणारी ती शाके दारात आली, तेव्हा मी तिला फटीतूनच विचारलं, "कशाला हवेत?"

"मावशी, नुसती प्रत काढून ठेवायची. आपली माणसं कुठून आली, कशी दिसायची, पुढच्यांना कळायला नको? पाच मिनिटांत फोटो परत."

"पाच मिनिटांत नवराही बदलून मिळतो हल्ली," मी म्हणाले.

शेवटी मीच गेले, फोटो कोटाच्या आत छातीशी धरून. आई खुर्चीवर, तिच्या मांडीवर जेमतेम बसती झालेली मी, आणि मागे उभे वडील. तुर्कस्तानातल्या रोदोस्तोहून सगळे जीव घेऊन पळाले तेव्हा ते मागे राहिले, ते राहिलेच. फोटो त्याच्या आधीचा, तिकडचा, असं आई सांगायची. दर ईस्टरला ती मला त्या काचेची पापी घ्यायला लावायची.

शाकेने चौकट उघडली. मी तिच्या बोटांवरून नजर हलवली नाही. मागच्या पुठ्ठ्यावर छापलं होतं: फोटो स्टुडिओ, प्लोव्हदिव.

म्हणजे वडील इथे पोचले होते! मग आमच्याजवळ राहिले का नाहीत?

उत्तर टेबलावरच पडलं होतं. माझ्या समोरच्या घरातली स्रपुही आधीच येऊन बसली होती, तिने आणलेला फोटो. तिची आई, तिच्या कडेवर स्रपुही, आणि शेजारी माझे वडील! तीच उचललेली डावी भुवई, तीच मिशी.

"हा कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? माझा बाप," स्रपुही म्हणाली. मग तिने माझा फोटो पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "तुमच्याकडे काय करतोय हा?"

सगळं माझ्या डोक्यात भराभर जुळत गेलं. तिची आई उपासाच्या दिवसांत आमच्याकडे ताट पाठवायची ते उगाच नव्हतं. मनात पाप असल्याशिवाय कोण कुणाला खाऊ घालतं?

"तुझ्या आईने घरात लपवून ठेवला होता त्याला!"

"माझ्या आईने? तुझीच आई नटूनथटून विहिरीवर यायची!"

"तोंड सांभाळ, स्रपुही!"

"तू आधी बाप सांभाळ!"

सभागृहातले सगळे बघायला लागले. शाके मात्र आमच्यात पडली नाही. तिने मुकाट्याने खण उघडून आणखी तीन फोटो आमच्यापुढे मांडले. तीन अनोळखी कुटुंबं, आणि तिन्हींत तोच माणूस. मग तिने भिंग माझ्या हातात दिलं. कॉलरच्या वर बारीक रेघ होती. धड एकाचं, डोकं दुसऱ्याचं.

"फोटोवालाही पळूनच आला होता," ती म्हणाली. "ज्या बायकांकडे नवऱ्याचा एकही फोटो उरला नव्हता, त्यांना तो हे डोकं लावून द्यायचा. मुलांना बाप दिसावा म्हणून. या तीन घरांतल्या एका आजींनी सांगितलं मला. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता."

"पण हा आहे कोण?"

"ते त्यांनाही ठाऊक नव्हतं."

मला आईचा असा राग आला, की ती समोर असती तर मी तिच्याशी बोलले नसते. जन्मभर मी सगळ्या जगावर संशय घेतला, फक्त त्या काचेवर नाही. आणि माझ्या वडिलांचा चेहरा या पृथ्वीवर कुठेच उरला नव्हता. मी तिथेच बसून रडले, लोकांसमोर, लाज न बाळगता.

डोळे पुसले तेव्हा स्रपुही माझ्याकडे टक लावून बघत होती. तिचेही डोळे लाल होते.

"काय बघतेस?" मी खेकसले. मला वाटलं, कीव करतेय.

"तुझ्या आईचं नाक चपटं होतं."

"मग?"

"कपाळही एवढंसं. मी रोज बघायचे तिला. मग हे पोपटासारखं नाक तू आणलंस कुठून?"

माझा हात आपोआप वर गेला, आणि सत्तरी उलटल्यावर मी पहिल्यांदा माझ्या वडिलांच्या नाकाला हात लावला.

मग मी खुर्ची ओढून तिच्याजवळ नेली.

"तोंड खिडकीकडे कर," मी म्हणाले. "तुझी आई मला चांगली आठवते. बघू, तुझ्या बापाचं काय काय सापडतं."