एकाच मजल्यावर दोन कुकर

थोरली एका जाहिरात एजन्सीत लिहायची आणि तिचा धाकटा भाऊ दुसरीत. थोरलीकडे निळ्या खोक्यातल्या कुकरचं काम होतं, धाकट्याकडे लाल खोक्यातल्याचं. बाजारात त्या दोन कुकरांचं हाडवैर होतं. घरात या दोन भावंडांचं.

वैराला कारण झाली होती एक ओळ. अकरा वर्षांपूर्वी लाल कुकरची जाहिरात आली. एक बाई कामावरून घरी आली आहे, पायातले बूट अजून तसेच, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ती भिंतीला डोकं टेकून बसली आहे. खाली एवढंच लिहिलेलं, ‘चार शिट्ट्या होईपर्यंत बसा जरा.’ ना चकचकीत भांडं, ना टाळ्या वाजवणारं कुटुंब. लोकांना ती जाहिरात इतकी आवडली की बायका एकमेकींना फोनवर तसं म्हणू लागल्या. धाकट्याला त्या वर्षीचं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं.

आणि थोरलीच्या वहीत तीच ओळ चार महिने आधीपासून लिहून ठेवलेली होती. निळ्या कुकरसाठी, योग्य वेळ येईल तेव्हा वापरायला. ती वही आईच्या घरी थोरलीच्या उघड्या पिशवीत कितीदा तरी पडलेली असायची. थोरलीने भावाला सरळ विचारलं. तो म्हणाला, मी तुझी वही पाहिलेली नाही. ती म्हणाली, मग काय आभाळातून पडली? त्यावर तो काही बोलला नाही, आणि त्या दिवसापासून तीही बोलली नाही.

तेव्हापासून थोरली आईकडे शनिवारी जेवायला जायची आणि धाकटा रविवारी. आईने दोघांनाही समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, आणि शेवटी आठवड्यातून दोनदा तोच स्वयंपाक करायची सवय लावून घेतली.

एका मंगळवारी सकाळी दोन्ही ऑफिसांत एकाच वेळी ईमेल आला. विषय होता, ‘एक आनंदाची बातमी’. पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला अशा विषयाची धास्तीच वाटते. थोरलीने चष्मा लावून तो दोनदा वाचला. दोन्ही एजन्सी एक होणार होत्या. आणि जाता जाता, तिसऱ्या परिच्छेदात, असंही लिहिलं होतं की या दोन्ही एजन्सी गेली नऊ वर्षं एकाच समूहाच्या कुटुंबातल्या आहेत.

आपली एजन्सी एका बड्या समूहाने विकत घेतली आहे हे थोरलीला माहीत होतं. म्हातारे संस्थापक निवृत्त झाले तेव्हाच तो व्यवहार झाला होता. त्या समूहाच्या पदरी जगभरात अशा शे-दोनशे एजन्सी होत्या. पण समोरची एजन्सीही मध्ये आणखी एक कंपनी घालून त्याच समूहाने घेतली होती, हे कुणी सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांत त्यांच्याकडून काम हिसकावून घेण्यासाठी तिने काय काय केलं होतं. एकदा अंगात ताप असताना तीन दिवस बसून लिहिलं होतं. एकदा हरल्यावर ऑफिसच्या जिन्यात रडली होती. जिंको कुणीही, फायदा वर एकाच घरात जात होता.

“म्हणजे आपण एकाच सदऱ्याचे दोन खिसे,” ती शेजारच्या चित्रकाराला म्हणाली. “आणि मी आपली समजत होते, लढाई चाललीय.”

दोन आठवड्यांनी स्वागतकक्षातल्या भिंतीवरून संस्थापकांची तीन पितळी आडनावं उतरवली. त्यांच्या जागी तीन अक्षरं आली. ती कशाची आहेत असं थोरलीने नव्या संचालकाला विचारलं. संचालक तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, सरळ माणूस होता. तो जरा ओशाळून म्हणाला, “कशाचीच नाहीत. पाहणीत लोकांना ती आवडली.”

मग धाकट्याच्या ऑफिसातली माणसं खोकी घेऊन थोरलीच्या मजल्यावर राहायला आली. आता पंचाईत अशी झाली की निळा कुकर आणि लाल कुकर एकाच छताखाली आले. एकाची गुपितं दुसऱ्याला कळू नयेत म्हणून मजल्याच्या मधोमध काच घातली, तिच्यावर धुरकट कागद चिकटवला, प्रिंटर वेगळे केले, आणि काचेच्या अल्याडच्यांनी पल्याडच्यांशी कामाबद्दल बोलायचं नाही असं सगळ्यांकडून लिहून घेतलं. हा नियम ही दोन भावंडं अकरा वर्षं कुणी न सांगता पाळत होती.

महिन्याभराने संचालकाने दोघांना वेगवेगळं बोलावलं. आपल्या भाषेत लिहिणाऱ्यांचा एकच प्रमुख राहणार होता. जागा एक, माणसं दोन. आपलं उत्तमातलं उत्तम असं दहा तुकड्यांचं काम द्यायचं, मग मुख्यालयातली तिघांची समिती पडद्यावर मुलाखत घेणार. समितीत कुणालाच आपली भाषा येत नव्हती, त्यामुळे प्रत्येक ओळीखाली तिचा अर्थ लिहून द्यायचा होता.

“तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतं,” संचालक म्हणाला. “तीन महिन्यांपूर्वी मीही असाच कागद भरलाय.”

थोरली लिहायला बसली. जिच्यावर अख्खं थिएटर हसायचं, ती ओळ अर्थ लिहिल्यावर औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखी दिसू लागली. दहापैकी सात ओळींचं तसंच झालं. तिने कशीबशी यादी पुरी केली.

एका कामावर दोघांचा दावा नको म्हणून दोघांनी एकमेकांच्या यादीवर सही करायची होती. संचालकाने धाकट्याची यादी तिच्यापुढे ठेवली. ती वाचायच्या आधीच तिचा राग वर आला, कारण पहिल्या क्रमांकावर काय असणार हे तिला ठाऊक होतं. पण पहिल्या क्रमांकावर पंख्याची जाहिरात होती. ती खाली उतरत गेली. पंखा, विमा, बिस्किटं, रंग. शिट्ट्या कुठेच नव्हत्या. तिने कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

सही न करताच ती उठली. धाकटा जिन्याच्या वळणावर, कॉफीच्या यंत्रापाशी उभा होता. ती जागा काचेच्या कुठल्याच बाजूला मोडत नव्हती.

“तुझ्या यादीत शिट्ट्या नाहीत,” ती म्हणाली.

अकरा वर्षांनी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. त्याने कप खाली ठेवला. “नाहीत.”

“का?”

“माझी नाही ती ओळ.”

थोरलीने हे वाक्य ऐकायची इतकी वाट पाहिली होती की आता ते आल्यावर कुठे ठेवावं ते तिला कळेना. “म्हणजे माझ्या वहीतून तू...”

“ताई, तुझी वही मी कधीच पाहिली नाही. तेव्हाही खरंच सांगत होतो.” त्याने आवाज खाली आणला. “आईची आहे ती. कामावरून आल्यावर काय म्हणायची ती तुला? पर्स ठेव आधी, चार शिट्ट्या होईपर्यंत बस जरा. मला म्हणायची. शेजारच्या काकूंना म्हणायची. तुला वाटलं तुला सुचलीय, मला वाटलं मला.”

थोरलीच्या कानात आईचा आवाज स्पष्ट वाजला, ओट्याकडे तोंड करून, मागे न बघता बोललेला.

“तुला कधी कळलं?”

“तू बोलणं सोडलंस त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी. मी दारातून आत आलो आणि आई तेच म्हणाली.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“बक्षीस घेऊन झालं होतं ना. मंचावर उभं राहून ती कशी सुचली यावर बोललोसुद्धा होतो. आईची आहे म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग तू काय केलंस? आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. नंतर तर तोंड उघडायलाच लाज वाटायला लागली.”

“मीही विचारलं नाही,” थोरली म्हणाली. “पुन्हा एकदा विचारायला हवं होतं.”

त्या शनिवारी दोघं मिळून आईकडे गेली. आईने दार उघडलं, दोघांना शेजारी शेजारी पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. “काय झालं? कोण गेलं?”

“कुणी नाही गेलं, आई. जेवायला आलोय.”

जेवताना धाकट्याने सगळं सांगितलं. आई पोळी हातात तशीच धरून ऐकत होती.

“म्हणजे ते चौकात एवढ्या मोठ्या अक्षरांत लावलं होतं, ते माझं होतं?”

“हो.”

“आणि मी रोज त्याच्याखालून जायचे. मला वाटायचं, बाई शहाणी दिसतेय.” मग तिने पोळी ताटात ठेवली. “एक कुकर तरी द्यायचा होता मला. पण ओळीचं राहू दे. अकरा वर्षं दर आठवड्याला दोनदा तीच भाजी चिरायला लावलीत, त्याचं काय?”

आई उठली आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसत त्यांच्याकडे पाठ करून बराच वेळ उभी राहिली. थोरलीने जाऊन तिच्या हातातलं फडकं घेतलं.

पुढच्या गुरुवारी निळ्या कुकरच्या मालकीणबाई स्वतः ऑफिसात आल्या. वडिलांनी सुरू केलेला कारखाना त्या चाळीस वर्षं चालवत होत्या, आणि एजन्सीत येण्याची त्यांची ही तिसरीच खेप. खुर्ची नको म्हणाल्या. काचेपाशी जाऊन त्यांनी तिच्यावर बोटाने टकटक केलं.

“ही कुठपर्यंत जाते?”

“छतापर्यंत,” संचालक म्हणाला. “तुमची माहिती पलीकडे जाणं अशक्य आहे, बाई.”

“ते खरं असेल. पण तुमचे मालक काचेच्या कुठल्या बाजूला बसतात?”

मालकीणबाईंनी तीन महिन्यांची नोटीस टेबलावर ठेवली. थोरली त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेली. लिफ्टची वाट पाहता पाहता बाई म्हणाल्या, “तुम्ही स्वतःचं काही सुरू केलंत तर माझं काम तुमच्याकडे. मला इमारत नको, लिहिणारं माणूस हवंय. सोमवारपर्यंत सांगा.”

थोरली एक्कावन्न वर्षांची होती. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या आडनावांच्या पाटीखाली लिहिलं होतं, आणि आता तर पाटीवर आडनावंही नव्हती. शुक्रवारभर ती घाबरलेली होती. शनिवारी तिच्या लक्षात आलं की भीती आहे ती आहेच, पण तिच्याबरोबर हुरूपही आलाय. पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी असंच झालं होतं.

रविवारी आईकडे जेवण झाल्यावर तिने भावाला सांगितलं. त्याने हातातलं ताट खाली ठेवलं.

“माझ्यासाठी जागा सोडतेयस? उपकार नकोत मला.”

“डोकं फिरलंय का तुझं? मुलाखतीला बसले असते तर पाणी पाजलं असतं तुला.” मग ती हळू म्हणाली, “पण मला तो कागद भरायचाच नाहीये. माझ्या ओळीखाली अर्थ लिहिताना माझीच मला कीव आली.”

“मग मीही येतो तुझ्याबरोबर.”

तिला क्षणभर फार बरं वाटलं. पण वर्षभर प्रतिस्पर्धी कुकरचं काम करणार नाही असं त्याने लिहून दिलेलं होतं, आणि त्याहून मोठी गोष्ट तिला माहीत होती. “तुला ती मोठी जागा आवडते. खरं सांग.”

“आवडते,” तो कबूल झाला.

“मग राहा. आणि तुझ्या हाताखालच्या त्या दोन नव्या मुलींना अर्थ लिहायला लावू नकोस.”

मुलाखतीत धाकट्याने समितीपुढे अट घातली. आपल्या भाषेतलं काम ती भाषा वाचणारं माणूसच तपासेल, खाली अर्थ लिहून द्यायचा नाही. पडद्यावर तिघं बराच वेळ आवाज बंद करून आपसात बोलली. शेवटी एक वर्ष करून पाहू म्हणाली. जागा त्याला मिळाली. एका वर्षाचं पुढे काय होईल ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्या दोन मुलींनी दुसऱ्याच दिवशी लिहिलेलं पाहून धाकट्याने ताईला फोन केला आणि कुकरचा विषय वगळून पाऊण तास बोलला.

मालकीणबाईंना होकार देऊन थोरलीने नोकरी सोडली आणि एका चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या. एक खिडकी, दोन टेबलं, ओल्या रंगाचा वास. एका शनिवारी दुपारी धाकटा तिच्यासाठी भंगारात निघालेलं एक कपाट घेऊन आला. दारात पोचताच ती म्हणाली, “थांब तिथेच, भिंतीकडे तोंड कर,” आणि टेबलावरचे निळ्या कुकरचे कागद तिने भराभरा उलटे टाकले. तो कपाटाचं एक टोक धरून निमूट भिंतीकडे बघत उभा राहिला.

“झालं?”

“झालं. पण कोपऱ्यातल्या फळ्याकडे बघू नकोस.”

कपाट लावून होतंय तोवर खालचा चष्मेवाला जिना चढून आला. वर आवाज कसला चाललाय ते बघायला आला होता. इथे काय बनवता, असं त्याने विचारलं.

“जाहिराती लिहितो,” थोरली म्हणाली.

“मलाही एक पाहिजे होती. इतकी वर्षं नुसतं ‘येथे चष्मे मिळतात’ लिहिलंय.”

थोरलीने त्याला खुर्ची दिली. “नवा चष्मा घातल्यावर माणसं पहिल्यांदा काय म्हणतात?”

चष्मेवाल्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याने विचार केला. “लहान मुलं बाहेर बघतात. आणि झाडाला पानं आहेत म्हणतात. वेगवेगळी. आतापर्यंत त्यांना नुसता हिरवा ढीग दिसत असतो ना.”

“आणि म्हातारी माणसं?” तिने विचारलं.

“ती बायकोकडे बघतात. मग काही बोलत नाहीत.”

तिघंही हसली. थोरली म्हणाली, “सोमवारी तुमच्या दुकानात तासभर उभी राहिले तर चालेल? मध्ये बोलणार नाही. नुसतं ऐकायचंय.”

“या की,” तो म्हणाला. “दहाला उघडतो.”

सोमवारी पावणेदहालाच ती खाली जाऊन उभी राहिली. दुकानाचं शटर अजून खालीच होतं.