सगळ्यात जड बाबागाडी

"सगळ्यात जड कोणती आहे?" असं मी विचारलं, तेव्हा दुकानातल्या मुलीला वाटलं माझी जीभ घसरली.

"हलकी म्हणताय ना ताई?"

"नाही गं बाई, जड. उचलणाऱ्याच्या तोंडाला फेस आला पाहिजे."

तिने माझ्या पोटाकडे बघितलं. मग दुधाच्या बाटल्यांच्या कपाटाला टेकून मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघितलं आणि गालातल्या गालात हसली. काही गोष्टी बायकांना समजावून सांगाव्या लागत नाहीत.

डबल बाबागाड्या तिच्याकडे तऱ्हेतऱ्हेच्या होत्या. एकामागे एक बसायची, शेजारी शेजारी बसायची, एका हाताने घडी होणारी. मी सगळ्यांना नाकं मुरडली. शेवटी तिने कोपऱ्यातून एक धूड बाहेर ओढलं. लोखंडी सांगाडा, सायकलीसारखी हवेची चाकं, खाली किराण्याची भलीमोठी जाळी. "हिची घडी होत नाही," ती हळूच म्हणाली. मला तर तिचा मुकाच घ्यावासा वाटला.

फसवलं असं कुणी म्हणायला नको म्हणून मी नवऱ्याला तीनदा विचारलं. "अरे, एकदा उचलून तरी बघ."

"तुला आवडली ना? मग झालं." मान वर न करता तो म्हणाला. जी वस्तू आपल्याला उचलावी लागणार नाही अशी त्याची खात्री असते, तिच्याबद्दल तो नेहमी असाच उदार असतो.

आता हा माणूस करतो काय, तर लिफ्ट दुरुस्त करतो. शहरभर लोकांना वर-खाली नेतो आणि स्वतःच्या बायकोला ठेवतो तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये. घर बघायला आलो तेव्हा म्हणाला, "दिवसभर लिफ्टच बघतो गं, घरी तरी जिना असू दे. आणि इथे हवा बघ कशी येते." हवा येते, त्यात खोटं काही नाही. लेक झाल्यापासून मी हवाच खात बसले आहे.

लेकीला आम्ही ठकी म्हणतो. ती चार-पाच महिन्यांची असताना एकदा मी लस टोचून तिला घरी आणत होते. काखेत रडून झोपलेली ठकी, दुसऱ्या हातात तिची साधी गाडी, खांद्याला पिशवी. दुसऱ्या मजल्याच्या वरच्या वळणावर पाठीत अशी उसण भरली की पाऊल उचलेना. हा वर घरातच होता, सुट्टी होती, मॅच चालू होती. मी हाक मारली. परत मारली. मग पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. शेवटी खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड बाईंनी गाडी घेऊन मला वर पोचवलं. दार उघडून हा म्हणतो कसा, "अगं, टीव्हीमुळे ऐकूच आलं नाही. आणि हळूहळू यायचं ना, घाई काय होती?"

ऐकू आलं नाही, हे मी मानलं. टीव्ही मोठा होता खरंच. पण ते 'हळूहळू यायचं ना' माझ्या घशात काट्यासारखं अडकलं ते अडकलंच.

मग दुसऱ्या वेळी दिवस गेले, आणि त्याच सुमाराला तळमजल्यावरचा चष्मेवाला भाडेकरू वर्षभरात घर सोडणार असं कळलं. मालकीणबाई भल्या. म्हणाल्या, "तुम्हाला हवं असेल तर आधी तुम्हाला. तो जाईपर्यंत सांगा." मी उड्या मारायच्याच काय त्या बाकी होत्या. दोन पायऱ्या उतरल्या की रस्ता! हा म्हणाला, "खाली डास आहेत. उजेड नाही. बघू." मी रडून सांगितलं, भांडून सांगितलं, प्रेमाने सांगितलं. सगळ्याला उत्तर एकच, बघू. दोन मुलांना घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर कैदेत पडणार, हे त्याच्या डोक्यात शिरेना. ज्याचं ओझं त्याच्या हातात कधी आलंच नाही, ते डोक्यात शिरणार कसं? मग म्हटलं, हातातच देऊ.

धाकटा झाला. ऑपरेशन झालं, टाके पडले. डॉक्टरीणबाईंनी त्याच्यादेखत बजावलं, बाळाशिवाय काहीही उचलायचं नाही. जिन्याखाली सामान ठेवायची बिल्डिंगमध्ये बंदी. आणि ठकीला संध्याकाळी बागेत न्यायलाच हवं, नाहीतर ती घर डोक्यावर घेते. तेव्हा रोज कामावरून आला की गाडी खाली, बागेतून आलो की गाडी वर.

पहिल्या दिवशी हा शीळ घालत उतरला. वर येताना शीळ बंद. आठवडाभरात त्याची नडगी दोन ठिकाणी सोलली, जिन्याच्या भिंतीचा रंग खरवडला. मी पुढे बाळाला घेऊन, ठकीचं बोट धरून ऐटीत चढायची. मागून त्याचं धापा टाकणं ऐकू यायचं, आणि खोटं का बोलू, कानाला गोड लागायचं. "ही गाडी निवडली कुणी?" एकदा तो करवादला. "तीनदा विचारलं होतं, राजा," मी म्हटलं.

घरी येताना मी मुद्दाम कांदे-बटाटे घ्यायची. जाळी होतीच.

चष्मेवाल्याने सामान बांधायला घेतलं त्या संध्याकाळची गोष्ट. बागेतून येऊन मी बाळाला पाळण्यात टाकलं, ठकीपुढे वाटी-चमचे ठेवले आणि दाराशी आले. हा अजून पोचला नव्हता. वाकून बघितलं तर वळणावर बसलेला, गाडी भिंतीशी आडवी, शर्ट पाठीला चिकटलेला.

"अगं," तो म्हणाला, "खालचं घर घेऊ या. उद्याच बोलतो मालकीणबाईंशी. नाही होत रे बाबा हे."

काय सांगू, माझ्या अंगातलं सगळं विष उतरलं. एवढंच हवं होतं मला. त्याचे तळवे लाल झाले होते. टाके विसरून मी चार पायऱ्या उतरलेसुद्धा, म्हटलं पुढचं चाक तरी धरावं.

तेवढ्यात तो म्हणाला, "तू इथेच बसली होतीस ना? लस टोचून आणलीस त्या दिवशी?"

"हो, इथेच," मी म्हटलं. त्याला आठवतंय, याचंच मला केवढं बरं वाटलं.

"तेव्हा मला ऐकू आलं होतं." तो चाकाकडे बघत बोलत होता. "तुझ्या दोन्ही हाका. रडणं पण. शेवटची पाच मिनिटं राहिली होती गं मॅचची. वाटलं, येशील तू. मग मी टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणजे... ऐकू आलं नाही असं म्हणता यावं म्हणून."

एवढं बोलून त्याने सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे बघून हसला. त्याच्या मनावरचं उतरलं होतं ना! रोज ओझं वाहून माणूस चांगला झाला होता, आणि चांगुलपणाच्या भरात त्याने मला हे सांगितलं होतं. मी तिथेच उभी राहिले. एवढे दिवस मी एका निष्काळजी माणसावर चिडत होते. निष्काळजी माणसाला माफ करता येतं. मी तर करूनही टाकलं होतं, चार पायऱ्या उतरता उतरता.

"घर घेऊ," मी म्हटलं. "तू नको, मीच बोलते मालकीणबाईंशी. मी आणि मुलं खाली राहतो. तुला वरची हवा आवडते."

"म्हणजे?" तो म्हणाला. मग मी वळलेली बघून, "अगं, जरा पुढून धर ना."

"हळूहळू ये," मी म्हटलं. "घाई काय आहे?"

वर गेले, दार लोटलं. पाळण्याला झोका दिला, ठकीला मांडीवर घेतलं आणि टीव्ही लावला. काय चाललं होतं कोण जाणे. त्याची हाक आली. थोड्या वेळाने परत आली.

मी आवाज वाढवला.