पिचरच्या डाव्या हातावरून

मी बेसबॉलचा ग्लव्ह आहे, डाव्या हाताचा. चेंडू टाकून नाव मिळवतो तो उजवा हात. मी फक्त परत आलेला चेंडू झेलतो. मधल्या वेळात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, मला तोंडासमोर धरून बोलतो, समोरच्या संघाला ओठ वाचता येऊ नयेत म्हणून. त्यामुळे इतर कुणाला ऐकू न येणारं मला ऐकू येतं.

२००१ साली शॉमबर्ग या अमेरिकन गावातल्या एका दुकानातून शैलेंद्रने मला आपल्या मुलासाठी, अंकुरसाठी, आणलं. नवं चामडं कडक असतं, ते तेल लावून मऊ करतात. अंकुरच्या आईने, विनीताने, घरातलं खोबरेल चोळलं. एप्रिलच्या थंडीत ते माझ्या बोटांत गोठलं आणि मी मिटेचना. मुलं त्याला चिडवायची, की तुझ्या ग्लव्हला नारळाच्या केकचा वास येतो. तो लाल व्हायचा, पण आईला त्याने हे कधी सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल असं काही तो सांगतच नसे.

हायस्कूलमध्ये त्याचे फोटो पेपरात आले. कॉलेजात तो संघाचा पहिला पिचर झाला. मराठी मंडळाच्या गणपतीत त्याला शाल मिळाली, तेव्हा जगन्नाथकाका म्हणाले, "क्रिकेट खेळला असतास, तर निदान आम्हाला कळलं असतं." सगळे हसले. मंडळात प्रत्येकाला तो आपलाच मुलगा वाटायचा.

२००७च्या वसंतात त्याचं कोपर दुखू लागलं. चेंडू टाकला की त्याचा डावा हात माझ्या आत मूठ आवळायचा. विनीता विचारायची, तो म्हणायचा, "फाइन आहे, आई." तीही जास्त न विचारता गरम तेलाने हात चोळून द्यायची.

मे महिन्यात मोठ्या व्यावसायिक संघाची माणसं त्याला पाहायला आली. मंडळाच्या दोन व्हॅन भरून आल्या, काकांनी ताशाही आणला. खेळ रंगात असताना कॅचर, त्याचे चेंडू झेलणारा जोडीदार, जवळ आला. माझ्याआडून अंकुर त्याला म्हणाला, "बोटं सुन्न झालीत. कोचला सांगू नकोस, या सगळ्यांसमोर मला बाहेर जायचं नाही."

कोचला शंका आलीच. त्याने येऊन विचारलं, हात कसा आहे. अंकुर ओके म्हणाला आणि कोच परत गेला.

पुढचा चेंडू समोरच्या खेळाडूला दिसलाच नाही. तो बाद झाला, ताशा वाजला, माणसं उभी राहिली. त्याच चेंडूबरोबर अंकुरच्या कोपरात काहीतरी तुटलं होतं. टाळ्यांना उत्तर द्यायला त्याने टोपी काढली, ती नेहमीच्या उजव्या हाताने नाही, माझ्यासकट डाव्या हाताने. एवढ्या गर्दीत फक्त विनीताचे टाळ्या वाजवणारे हात थांबले.

ऑपरेशन झालं. या वर्षी, २००८ साली, त्याने पुन्हा चेंडू टाकून पाहिला. तो चेंडू कॅचरच्या अलीकडेच जमिनीवर पडला.

आता मी गॅरेजमध्ये बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी आहे. माझ्या वाद्या सुकल्या आहेत. अंकुर ऑफिसातून येतो आणि गाडीचं दार डाव्या हाताने लावतो. मंडळात लोक त्याला विचारतात, परत कधी खेळणार. तो सांगतो, नेक्स्ट इयर. मग सगळे खूश होऊन जेवायला जातात.

तुम्ही कधी त्याला भेटलात, तर खेळाचं विचारू नका. हात दुखतो का, एवढंच विचारा. तो ओके म्हणेल. तरी लगेच निघू नका, जरा त्याच्यापाशी बसा.