मठामागची वेळ

दवाखान्यातून घरी सोडताना श्रद्धा सिस्टरांनी संभाजीरावांना विचारलं होतं, "काका, बिडीची तलफ नेमकी कधी येते? त्याच वेळेला तुमच्या मोबाईलवर मेसेज येत जाईल."

छातीत नवीकोरी स्प्रिंग बसलेली आणि शेजारी बायको मालनबाई बसलेल्या. संभाजीराव म्हणाले, "सकाळच्या चहानंतर. एकदाच."

तेव्हापासून रोज साताला मेसेज हजर. 'काका, आजचाही दिवस बिडीशिवाय. जमतंय तुम्हाला.' संभाजीराव तो बायकोला मोठ्यानं वाचून दाखवत. सकाळी त्यांना बिडी आठवतही नसे! खरी तलफ संध्याकाळी साडेसहाची, कात्रजच्या मठामागची. पखवाजाला कणीक लावून झाली की कीर्तनाआधी दोन झुरके. तेवढ्यापुरती तुळशीची माळ खिशात. जणू पांडुरंगाला खिशातलं दिसत नाही.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पखवाज वाजवायला परवानगी दिली. बिडीला मात्र हात लावायचा नाही, पुन्हा झटका आला तर वाचवणं अवघड, हेही बजावलं. पहिल्याच दिवशी साडेसहाला संभाजीराव मठामागे उभे. बिडी ओठांत, काडेपेटी हातात. त्यांनी मोबाईलकडे पाहिलं. तो गप्प. बिचारा बोलणार कसा? त्याला वेळच खोटी सांगितलेली.

काडी ओढली नाही. ते तसेच बायकांच्या बाजूला गेले आणि मालनबाईंना खुणेनं बाहेर बोलावून मोबाईल त्यांच्या हातात दिला.

"सिस्टरला लिही. माझ्या बोटांना कणीक हाय."

"काय लिहू?"

"वेळ चुकली म्हणावं. साडेसा. मठामागं."

मालनबाईंनी आधी त्यांच्या ओठांतली बिडी काढून पायाखाली चुरडली. "आन् सकाळची?"

"खोटी."

"एवढी वर्सं सदरे मीच धुतेय न्हवं? मला वाटलं, ह्या जन्मात काय तुम्ही सांगत न्हाई." त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं. "आणिक?"

"आणिक काय?"

"एकच वेळ आसंल व्हय?"

संभाजीराव घुटमळले. "दुपारी. तू झोपलीस की. गच्चीवर."

"गच्चीवर," मालनबाईंनी लिहिलं.

आतून महाराजांची हाक आली, "अहो संभाजीराव, पखवाज एकटाच बसलाय इथं!"

"जावा, देव खोळंबलाय," मालनबाई म्हणाल्या.

संभाजीराव हलले नाहीत. "थांब, आजून लिही. वाघोलीला लेकीकडं जातो न्हवं, तवा येताना..."