सासरेबुवांचं सूत्र

सुनेला कॉलेजात नोकरी लागली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद सासऱ्यांना झाला, कारण तिथे गणिताला त्यांचंच पुस्तक लावलेलं होतं. ते त्याच कॉलेजातून विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेले. घरी सगळे त्यांना बाबा म्हणत, कॉलेजात अजूनही सर. आणि दोन्हीकडे शेवटचा शब्द त्यांचाच.

पहिल्याच महिन्यात सून फळ्यापाशी अडकली. पुस्तकात संचांच्या वजाबाकीचं एक सूत्र ठळक चौकटीत छापलं होतं: अ − (ब − क) = (अ − ब) − क. खाली लिहिलं होतं, ‘सिद्धता सोपी आहे, विद्यार्थ्यांनी स्वतः करावी.’ ती सोपी सिद्धता करता करता सून घामाघूम झाली. शेवटी गाडी अडते कुठे ते बघू, म्हणून तिने तिन्ही संचांत एकच घटक ठेवला, आकडा १. डावीकडे १ उरला, उजवीकडे काहीच नाही. वर्गात असा काही आनंदीआनंद झाला की शेजारच्या वर्गावरचे प्राध्यापक डोकावून गेले.

संध्याकाळी चहाच्या वेळी तिने धीर करून विषय काढला.

“बाबा, संचांच्या प्रकरणातलं ते सूत्र चुकलंय.”

सासऱ्यांनी तोंडासमोरचा पेपर हलवला नाही. “किती ठिकाणी चुकलं?”

“एका.”

“आणि इतकी वर्षं पोरं पास होतायत, ती?”

“तिन्ही संचांत नुसता १ ठेवला की मोडतं. प्रतिउदाहरण एकच पुरतं ना, बाबा.”

“ते मीच लिहिलंय. पहिल्या प्रकरणात.” पेपर खाली आला. “हा एक आकडाच आगाऊ. सगळीकडे नडतो. दुसरा घे.”

तिने दोन घेतला. मग सात घेतला. सातही नडला.

“ते आकडे ठेवा बाजूला,” सासूबाई म्हणाल्या. “मला कळेल असं सांग.”

“बाबा, जरा चष्मा द्या.” सुनेने चष्मा टेबलावर ठेवला. “तिन्ही संचांत फक्त हा चष्मा आहे. ब मधून क काढला, ब रिकामा झाला. मग अ मधून वजा करायला काहीच नाही. चष्मा राहिला. आता उजवी बाजू. अ मधून आधीच ब काढला, म्हणजे चष्मा गेला. आता त्यातून क काढायचा, पण उरलंय काय?”

“म्हणजे यांच्या पुस्तकाप्रमाणे चष्मा असणं नि नसणं सारखंच,” सासूबाई म्हणाल्या. “तरीच.”

“आधी माझा चष्मा दे,” सासरे म्हणाले, आणि उठून खोलीत गेले.

त्यानंतर घरात अबोला. सासरे जेवायला येत, भाजी अळणी असली तरी मुकाट गिळत. सुनेला चोरट्यासारखं वाटू लागलं. नवरा म्हणाला, “सांगून टाक, माझंच चुकलं.”

“पण चुकलेलं नाहीये.”

“म्हणून काय झालं?”

ती सांगायला जाणार, तोच एका सकाळी सासरे कागद फडकावत बाहेर आले. चेहरा नुसता फुलला होता. “सूत्र बरोबरच आहे! फक्त एक अट छापायची राहिली. अ, ब, क यांतल्या कोणत्याही दोघांत एकही घटक सामाईक नसावा. मोड आता!”

सून दुपारपर्यंत झटली. “नाही मोडत,” ती म्हणाली. “पण बाबा, ज्यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही, त्यांना एकमेकांतून वजा करून मिळणार काय? अ होता तसाच अ.”

“तेच तर! दोन्हीकडे अ. किती सुंदर!”

अटीसकट नवी आवृत्ती निघाली. परीक्षेत नेमका त्यावरच प्रश्न आला, समस्त वर्गाने उत्तर ‘अ’ लिहिलं आणि विभागाचा निकाल असा लागला की प्राचार्यांनी सुनेचा सत्कार केला. प्रस्तावनेत सासऱ्यांनी ‘काळजीपूर्वक मुद्रितशोधन केल्याबद्दल’ तिचे आभार मानले होते. तिला आधी राग आला. मग सासूबाईंनी हळूच सांगितलं, “अगं, आजवर छापील आभार त्यांनी माझेसुद्धा मानले नाहीत.” आल्यागेल्याला ते पान उघडून वाचून दाखवणारे सासरे बघितल्यावर रागावणार तरी कशी?

मग एके दिवशी त्यांनी पुढच्या प्रकरणाचे कागद गुपचूप तिच्यापुढे सरकवले, वर टोक केलेली पेन्सिल.

दुसऱ्याच ओळीवर तिचा हात थांबला.

“काय झालं?” सासऱ्यांनी विचारलं. आवाज जरा बारीकच होता.

“काही नाही, बाबा,” ती म्हणाली. “चहा झाला का तुमचा?”