सुखीबाईच्या कवड्या

साहेब, आमच्या तांड्याची बालवाडी तुम्ही बंद पाडली. पटावरची लेकरं येत नाहीत, असं कारण तुम्ही कागदावर लिहिलं. का येत नाहीत, ते लिहिलं नाही. ते मी लिहितो. त्यात माझाही गुन्हा आहे, तोही लपवत नाही.

ढाणकीपासून तीन कोसांवर आमचा तांडा. बाया कापूस वेचायला गेल्या की लहान लेकरं दिवसभर शेताच्या धुऱ्यावर पडून राहत. एकसष्ट साली बालवाडी आली. शिकलेली बाई मिळेना, म्हणून सुखीबाईला बसवलं. विधवा बाई, अक्षराची ओळख नाही. पण आमच्या गोरबोलीतली तिची गाणी सरत नसत. कसंही रडकं पोर तिच्या मांडीवर गेलं की गप.

तिची हजेरी कवड्यांची. प्रत्येक लेकराची एक कवडी, तिच्यावर रंगाची खूण. लेकरू आलं की आपली कवडी दोरीत ओवणार, जाताना काढून तिच्या हातात देणार. दोरीत कवडी उरली, म्हणजे लेकरू कुठंतरी उरलं. एकदा अशीच कवडी उरली, अन् रामीबाईची गंगी कापसाच्या गंजीत झोपलेली सापडली.

मी डोंगरसिंग. शाळा पाहिली नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचायला शिकलो. तांड्याचे अर्ज मीच लिहितो. त्याचा मला तोरा होता. त्रेसष्टच्या हिवाळ्यात तपासणी येणार कळलं, तसा मी हजेरीसाठी एका वहीला रेघा मारल्या. पंधरा दिवस रोज कवड्या पाहून त्यात नावं भरली. तपासणीच्या सकाळी दोरी कोठीत टाकली.

"भिया, साहेबाले कवड्या दाखवू न?" सुखीबाईने विचारलं. भिया म्हणजे भाऊ, ती मला तसंच म्हणते.

"कायले? हसतीन ते. तू नुसती वही पुढं कर."

तुम्ही आलात. वही तिच्यापुढे धरलीत. "वाचा, बाई."

ती माझ्याकडे पाहत राहिली.

"हे कोणी लिहिलं?"

"म्या लिवलं," मी म्हणालो.

"मग शिकवतं कोण?"

"हे बाई."

"तिला तर वाचता येत नाही."

"लेकरं तीन वर्साची हायत, साहेब. त्यायले बी येत नाही."

तुमचा शिपाई हसला, तुम्ही नाही. "बाई सातवी पास हवी, नियम आहे. आणि ही हजेरी खोटी आहे."

खोटी नव्हती. दोरी दहा पावलांवर कोठीत होती. आणून तुमच्यापुढे टाकायची होती. मला त्या कवड्यांची लाज वाटली. मी गप्प राहिलो, अन् ती घरी गेली.

मग नेरच्या विमलताई आल्या. सातवी पास. बाई भली होती, तिला दोष देत नाही. पण ती मराठीत बोले ते लेकरांना कळेना, अन् लेकरं 'याडी, याडी' करून आईसाठी रडत, ते थांबवणं तिला जमेना. तीन महिन्यांत वहीत चोवीस नावं अन् खोलीत चार लेकरं. बाकीची पुन्हा धुऱ्यावर. शेवटी विमलताईच म्हणाल्या, "सुखीबाईंना माझ्या मदतीला घ्या, मी त्यांना अक्षरं शिकवीन." तसा अर्ज मी तीनदा पाठवला. तुमचं उत्तर नाही. बालवाडीला कुलूप तेवढं आलं.

परवा सुखीबाई वावरात भेटली. ओटी कापसाने भरलेली. हात न थांबवता म्हणाली, "भिया, साहेब तं परका होता. तुले काहून लाज वाटली?"

ती कापसाच्या पुढच्या ओळीला लागली.

शिकलेली बाई नको, असं मी म्हणत नाही. पण चोवीस लेकरं सांभाळणाऱ्या बाईला शिकवायचं सोडून तुम्ही काढलं का? अन् तीन अर्जांचं काय केलं? माझा गुन्हा मी लिहून दिला. आता तुमचा तुम्ही लिहा. ढाणकीच्या पोस्टात मी दर बाजाराला विचारतो. उत्तर द्या.